अर्धं शटर

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच सुचला, कारण तो गुलमंडीवर सुचला.

गुलमंडीवर माझ्या मामाचं कापडाचं दुकान आहे. मेसच्या जेवणाचा कंटाळा आला की मी मामाकडे! मध्यंतरी एका बंदच्या दिवशी गेले, तर सगळी गुलमंडी चिडीचूप. एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथे चक्क मुलं क्रिकेट खेळत होती. मामाचं शटर मात्र अर्धंच खाली. वाकून आत गेले तर मामा लग्नाच्या बस्त्याचं गिऱ्हाईक करत होता.

"मामा, तू तर व्यापारी संघटनेचा मेंबर ना?"

"आहे ना. म्हणून तर अर्धं बंद आहे!"

आम्ही दोघंही हसलो. मग तो जरा गंभीर होऊन म्हणाला, "अगं, दुकानात दोन माणसं कामाला आहेत. त्यांचा आजचा रोज काय संघटना देणार आहे?"

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते सेमिनारसाठी जेट एअरवेजबद्दल वाचताना. जेटचं विमान आपल्या चिकलठाण्याहूनही मुंबईला जायचं. जेटच्या वैमानिकांनी २००९ मध्ये 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' नावाची युनियन काढली. कंपनीने दोन वैमानिकांना काढलं, तेव्हा त्या सप्टेंबरमध्ये शेकडो पायलट एकाच वेळी 'आजारी' पडले! पाच दिवस विमानं रद्द होत राहिली आणि शेवटी समझोता झाला. केवढी ही एकी!

आता दहा वर्षं पुढे या. २०१९ साल. कंपनीवर ८,००० कोटींहून जास्त कर्ज, पगार महिनोन् महिने थकलेले. मार्चमध्ये गिल्डने ठरवलं, पैसे मिळाले नाहीत तर १ एप्रिलपासून उडायचं नाही. मग तारीख १५ एप्रिलवर गेली. १४ एप्रिलला तीही पुढे ढकलली. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे जेटचं शेवटचं ठरलं. संप झालाच नाही, त्याआधी कंपनीच बंद पडली. दरम्यान कितीतरी पायलट दुसऱ्या कंपन्यांमध्ये निघून गेले होते.

सेमिनारनंतर आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "हे कसले युनियनवाले? घाबरट!" दुसरा म्हणाला, "लाखांनी पगार घेतात, त्यांना युनियन हवीच कशाला?" मला दोन्ही पटलं नाही.

वैमानिकाची अडचण समजून घ्या. बोइंग ७३७ चालवणारा पायलट उद्या सकाळी उठून एअरबस चालवू शकत नाही, त्याला वेगळं टाइप रेटिंग लागतं. पायलटच्या नोकरीत सीनियॉरिटीला फार किंमत, आणि ती शक्यतो कंपनी बदलताना बरोबर नेता येत नाही. शिवाय २०१७ च्या डीजीसीएच्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणजे पायलट कंपनीला बांधलेला. ती बुडाली तर याचीही वर्षं बुडणार. विमान थांबवलं तर कंपनी आपल्याच हाताने मारल्यासारखं, आणि उडवत राहिलं तर फुकट राबणं. घरी कर्जाचे हप्ते, मुलांची फी. अशा वेळी युनियन म्हणते, थांब. मन म्हणतं, कदाचित उद्या बँक पैसे देईल. शेजारची कंपनी म्हणते, पगार थोडा कमी, पण आजच जॉइन हो. काय कराल? मला तर यात अर्धं शटर दिसतं, गद्दारी नाही.

मग युनियनचं काहीच चुकलं नाही का? माझ्या मते चुकतं, पण ते फार आधी. ऑक्टोबर २००८ मध्ये याच जेटने एका फटक्यात सुमारे ८०० जणांना कामावरून काढलं. त्यात बहुतेक केबिन क्रूची तरुण मुलंमुली, आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. ती युनिफॉर्म घालून रस्त्यावर आली, राज ठाकरेंकडे गेली. एवढा गवगवा झाला की कंपनीला त्यांना परत घ्यावं लागलं. म्हणजे यांच्यासाठी बोलायला पक्षाचा नेता शोधावा लागला. पुढच्याच वर्षी युनियन निघाली, पण ती पायलटांची! मार्च २०१९ मध्ये विमानांची देखभाल करणाऱ्या इंजिनिअर्सच्या संघटनेने डीजीसीएला वेगळं पत्र लिहिलं, की तीन महिने पगार नाही, मनःस्थिती ठीक नाही, सुरक्षेला धोका आहे. (इंजिनिअर मित्रांनो, ते आपण आहोत!) विमान एकच, पण कॉकपिटची युनियन वेगळी, हँगरची वेगळी.

एअर इंडियात तर पायलटांच्याच दोन युनियन. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण युनियन एक झाल्या नाहीत. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या पायलटांनी ५८ दिवस संप केला. एक मोठं कारण काय, तर नव्या ड्रीमलायनरचं ट्रेनिंग जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांना द्यायचं की नाही! साहजिकच ते दुसरे पायलट विमानं उडवत राहिले. १०१ जण बडतर्फ झाले, आणि संप शेवटी दिल्ली हायकोर्टात मागे घेतला गेला. समोरच्याला तुम्ही वाटेकरी मानायला तयार नाही, तर तो तुमच्या संपात वाटेकरी का होईल?

१५ एप्रिल २०१९ ला गिल्डने स्टेट बँकेला १,५०० कोटी सोडा म्हणून विनंती केली आणि पंतप्रधानांना २०,००० नोकऱ्या वाचवायला सांगितलं. बघा, शेवटी तोंडात आकडा आला तो सगळ्यांचा! तो दहा वर्षं आधी आला असता तर? जेट वाचली असती असं नाही, एवढं कर्ज कुठलीच युनियन फेडू शकत नाही. पण माणसं एकेकटी बुडाली नसती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने जेट अवसायनात काढायला सांगितलं. पाच वर्षांनंतरही लोक आपल्या देण्यांसाठी रांगेतच होते.

आता एक कबुली. गेल्या सेमिस्टरला आम्ही मेसवर बहिष्कार टाकला होता. सभेत सगळ्यात जोरात घोषणा माझ्या होत्या. आणि तिसऱ्या रात्री मागच्या दाराने जाऊन वरण-भात खाऊन आलेही मीच! खिशात पैसे नव्हते. माझ्या आधी तिथे फर्स्ट इयरच्या दोघी बसलेल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. बहिष्कार ठरवताना 'ज्यांच्याकडे बाहेर जेवायला पैसे नाहीत त्यांचं काय?' हा प्रश्न आमच्यातल्या कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.

म्हणून मला वाटतं, निष्ठा शपथेने येत नाही. संघटनेने शटर पूर्ण खाली ओढायला सांगण्याआधी त्या दोन नोकरांच्या रोजाची सोय करावी. चार पैसे बाजूला ठेवावेत, आणि सगळ्यात कमजोर माणसाला आधी विचारावं. उद्या आपण कंपन्यांमध्ये जाऊ, कधीतरी लेऑफची यादीही लागेल. त्या दिवशी एकी शोधायला निघालो तर उशीर झालेला असेल.

मामाला हा लेख वाचून दाखवला. म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण माझ्या दुकानाचं नाव तेवढं टाकू नको. संघटनेची मीटिंग आहे बुधवारी!"

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी