सायलेन्सर घ्या, पण आवाजाला भुलून नव्हे

मोटारीची हौस असलेल्या तरुणांच्या हाती चार पैसे खेळू लागले की त्यांची पहिली नजर सायलेन्सरकडे वळते. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो वा पुण्याची नाना पेठ, दुकानाबाहेर टांगलेले चकचकीत, जाड तोंडाचे सायलेन्सर पाहून गिऱ्हाईक थबकते व एकच प्रश्न विचारते, "आवाज कसा येईल?" आपल्या इंजिनाला काय मानवेल, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. दुकानदारही विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, आणि मग पैसे जातात, गाडी बिघडते व धंद्याचे नाव खराब होते.

हे आम्ही ऐकीव गोष्टीवरून लिहीत नाही. आमच्याकडे होंडा सिटी व्हीटेक होती. २००० ते २००३ या काळात विकली गेलेली ही दीड लिटरची, १०६ हॉर्सपॉवरची पेट्रोल गाडी आजही अनेकांनी जिवापाड जपली आहे. तिचा मूळ सायलेन्सर गंजून फुटला, तेव्हा आम्ही एका दुकानात अठरा हजार रुपये मोजून अडीच इंची पाइप व मोठा सायलेन्सर बसवून घेतला. आवाज भारदस्त झाला. परंतु खेडला जाताना कशेडी घाटात जी गाडी तिसऱ्या गिअरवर सहज चढत असे, ती दुसऱ्यावर आणावी लागली. शेवटी खेडमधील एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखविली. त्यांनी वाकून पाइपला बोटांचा वेढा घातला व म्हणाले, "भाईसाहेब, अंगापेक्षा बोंगा मोठा केलात!" साडेचार हजारांत त्यांनी दोन इंची पाइप टाकून दिला आणि गाडीची ओढ परत आली.

दोष कुठे होता?

ज्या इंजिनाला टर्बो नाही, जे स्वतःच्या बळावर हवा ओढते, त्याला नॅचरली अॅस्पिरेटेड इंजिन म्हणतात. चार सिलिंडरचे असे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा जळालेल्या वायूचा झोत बाहेर पडतो. प्रत्येक झोत वेगाने पुढे जाताना आपल्या मागे कमी दाबाची पोकळी ठेवून जातो. ही पोकळी सिलिंडरमधील उरलासुरला वायू ओढून काढते व ताज्या हवेला वाट करून देते. टर्बो नसलेल्या इंजिनाला फुकटात मिळणारी मदत ती हीच.

पाइप अवाजवी मोठा केला की ही मदत आटते. दोन इंचांचा पाइप अडीच इंचांचा केला, तर आतील जागा दीडपटीहून अधिक वाढते आणि तेवढ्याच वायूचा वेग एक-तृतीयांशाहून जास्त घटतो. म्हणूनच कमी फेऱ्यांवर, घाटात वा शहरातील गर्दीत गाडी मंदावते. "इंजिनाला थोडे बॅकप्रेशर लागतेच," असे अनेक मिस्त्री सांगतात. हे अर्धसत्य होय. इंजिनाला अडथळा नको असतो, वायूचा वेग हवा असतो. पाइप फार लहान झाला तर अडथळा होतो आणि फार मोठा झाला तर वेग जातो. टर्बो गाडीत टर्बोच्या पुढचा पाइप मोकळा असलेलाच बरा. त्यामुळे टर्बोवाल्या मित्राचा सल्ला त्याच्या गाडीला लागू पडतो, आपल्या गाडीला नव्हे.

निवड कशी करावी?

पहिली गोष्ट, अपेक्षा बेताची ठेवावी. १०६ हॉर्सपॉवरच्या गाडीत केवळ मागचा पाइप व सायलेन्सर बदलून चार-पाच हॉर्सपॉवर वाढली तरी पुष्कळ झाले. खरा फरक पडतो तो इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डने. चार नळ्यांच्या आधी दोन व मग एक होणारा मॅनिफोल्ड मधल्या फेऱ्यांवर जोर देतो. चारांची थेट एक नळी होणारा मॅनिफोल्ड वरच्या फेऱ्यांवर फायद्याचा ठरतो. रोजच्या वापराला पहिलाच बरा.

दुसरी गोष्ट, दीड लिटरच्या आसपासच्या इंजिनाला पावणेदोन ते दोन इंचांचा पाइप सामान्यतः पुरतो. पाइप जेथे वाकवला आहे तेथे हात फिरवून पाहावा. वाकणावर चपटा झालेला पाइप दोन इंचांचा म्हणून घेतला तरी तेथे दोन इंचांचा उरत नाही. आतून आधार देऊन वाकवलेला पाइप, ज्याला धंद्यात मॅन्ड्रेल बेंड म्हणतात, महाग पडतो. पण पैसे त्यावरच खर्च करावेत.

तिसरी गोष्ट धातूची. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. जवळच्या जवळ गाडी फिरविणाऱ्यांच्या सायलेन्सरमध्ये ते साचून राहते व साधे लोखंड आतून खाते. कोकणच्या दमट हवेत तर बाहेरूनही खाते. ४०९ प्रतीचे स्टेनलेस स्टील वरवर तांबूस पडले तरी टिकते. ३०४ प्रतीचे त्याहून सरस व महाग असते. बिलावर प्रत लिहून घ्यावी.

आवाजाची परीक्षा दुकानाच्या दारात रेस देऊन करू नये. हायवेवर अडीच-तीन हजार फेऱ्यांवर अर्धा तास गाडी चालवावी. काचा बंद केल्यावर डोके भणभणत असेल, तर तो सायलेन्सर घरच्या माणसांना घेऊन जाण्याच्या लायकीचा नाही.

काय करू नये?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये, काढू देऊ नये. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, तो विषारी वायू कमी करण्यासाठी. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम हे मौल्यवान धातू असतात. गिऱ्हाइकाकडून काढण्याची मजुरी घ्यायची आणि काढलेला कन्व्हर्टर गुपचूप भंगारात विकायचा, असे करणारेही या धंद्यात आहेत. याला व्यापार म्हणत नाहीत.

कायदाही नजरेआड करून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मर्यादा घालते व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ती अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व धुराचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे. पंधरा वर्षांवरील गाडीला फेरनोंदणीच्या तपासणीतूनही जावे लागते. फुटलेल्या सायलेन्सरच्या जागी मूळ मापाचा, मूळ आवाजाचा चांगला सायलेन्सर बसविणे वेगळे आणि मोहल्ल्यातील आजारी माणसाची झोप उडविणे वेगळे.

आमचे म्हणणे दुकानदार व कारागीर बांधवांना अधिक आहे. आवाज विकणे सोपे आहे, परंतु दंड भरून आलेले गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. इंजिन किती लिटरचे, गाडी घाटात चालते की शहरात, हे आधी विचारा. पाइपचे माप व धातूची प्रत बिलावर लिहा. गाडीला जे मानवणार नाही, ते गिऱ्हाइकाने मागितले तरी नाही म्हणा. त्या दिवशी अठरा हजारांचे बिल कदाचित फुटणार नाही. पण आमच्या ओळखीतील जुन्या गाड्यांची निम्मी कामे आज खेडच्या त्या मिस्त्रींकडे जातात, आणि त्यांच्या गॅरेजवर साधी पाटीसुद्धा नाही.