नवरात्रीचे नऊ रंग : राजूरच्या बाजारात यंदा कोणती साडी घ्यावी आणि कोणती राहू द्यावी?

घटस्थापनेला पंधरा दिवस उरले की व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर एक चित्र हमखास येऊन पडतं. वर देवीचा फोटो, खाली नऊ चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक रंग. मग कुणीतरी विचारतं, "ग्रे आहे का गं कुणाकडे?" कुणाकडेच नसते. खरेदीला सुरुवात तिथून होते.

अकोले तालुक्यातलं राजूर हे भंडारदरा, रतनवाडी आणि कळसूबाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आसपासच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्या-वस्त्यांची खरेदी इथंच होते. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं, बँक इथं, दवाखाना इथं. नऊ रंगांची यादी इथं पोचायला मुंबईपेक्षा थोडी जास्त वर्षं लागली, पण आता ती पक्की पोचली आहे. शाळेतल्या बाई, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटातल्या बायका, कॉलेजच्या मुली, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ती असते. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या कपड्यांतही त्या दिवसाचा रंग दिसतो. (गुळगुळीत जॉर्जेटची साडी नेसून लोखंडी शिड्या चढणं हे धाडसाचं काम आहे, तो विषय वेगळा.)

प्रश्न असा आहे की दरवर्षी येणाऱ्या या फॅशनपायी किती पैसे घालवायचे? त्याचं उत्तर यादीतच दडलेलं आहे. त्यासाठी ती यादी तयार कशी होते, हे बघावं लागेल.

यादी आली कुठून?

नऊ दिवस नऊ रंग ही परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. देवीच्या वस्त्रांचे रंग, पूजेतली फुलं हे जुनंच आहे. पण सगळ्या बायकांनी अमुक दिवशी अमुक रंग नेसायचा, ही पद्धत २००३ च्या सुमारास 'महाराष्ट्र टाइम्स'नं सुरू केलेल्या उपक्रमातून रुजली. पेपर रोजचा रंग जाहीर करायचा, ऑफिसातल्या, लोकलच्या डब्यातल्या बायका एकाच रंगात फोटो काढून पाठवायच्या आणि ते छापून यायचे. या यादीला धर्मशास्त्राचा आधार नाही, हे पंचांगकर्त्यांनीही वेळोवेळी सांगितलं आहे.

म्हणून ही प्रथा टाकाऊ ठरते का? अजिबात नाही. लोकलच्या गर्दीत उभ्यानं प्रवास करणाऱ्या बाईला नऊ दिवस आपण एका मोठ्या घोळक्यातल्या आहोत असं वाटलं, हा आनंद खरा होता आणि आजही आहे. राजूरच्या अंगणवाडी सेविकेला तो आनंद नको असं म्हणण्याचा कुणालाही अधिकार नाही. फक्त एक गोष्ट नीट कळायला हवी. यादीतला एखादा रंग चुकला म्हणून देवी रागावत नाही. रागावलंच तर ग्रुपमधलं कुणीतरी रागावेल.

सात रंग दरवर्षी तेच असतात

ही यादी तिथीवर चालत नाही, वारावर चालते. रविवारी नारंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा म्हणजे रॉयल ब्लू, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी राखाडी. घटस्थापना ज्या वारी येते तिथून यादी सुरू होते. वार सात, दिवस नऊ. म्हणून उरलेल्या दोन दिवसांसाठी गुलाबी, जांभळा आणि मोरपंखी या तिघांतले दोन आलटून पालटून येतात.

पडताळून बघायचं तर जुन्या याद्या काढा. २०२३ मध्ये घटस्थापना रविवारी होती, यादी नारंगीपासून सुरू झाली. २०२४ मध्ये गुरुवार होता, पहिला रंग पिवळा. २०२२ आणि २०२५ या दोन्ही वर्षी सोमवार आला, म्हणून दोन्ही वर्षी पहिला रंग पांढरा आणि पुढचा क्रमही तोच. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे. म्हणजे नारंगी, पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, राखाडी हा १७ ऑक्टोबरपर्यंतचा क्रम कुणी फॉरवर्ड करण्याची वाट न बघता आजच लिहून ठेवता येतो.

आता यात फॅशन दरवर्षी नवी कुठे आहे? नवा असतो तो फक्त क्रम. ज्या बाईकडे गेल्या तीन-चार वर्षांतल्या साड्या पेटीत आहेत, तिला यंदा फार तर एखादा रंग कमी पडेल. दुकानातला बोर्ड मात्र 'नवरात्र स्पेशल नवे रंग' असाच असणार. दुकानदाराचा तो धंदा आहे, त्यात त्याचं काही चुकत नाही.

पैसा कधी येतो आणि खर्च कधी होतो

राजूरच्या पट्ट्यात या खरेदीचा हिशोब शहरापेक्षा वेगळा आहे, तो भातामुळे. जुलैत आवणी झाली की घरातला पैसा शेतात गेलेला असतो. हळवं भात ऑक्टोबरात कापणीला येतं, गरवं त्याच्याही नंतर. इंद्रायणी विकून हातात रोख यायला दिवाळी उजाडते. नवरात्र येते ती नेमकी या दोन्हींच्या मध्ये, कणगी रिकामी आणि पीक उभं असताना. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे नवरात्र आणि दिवाळी यांत जवळपास चार आठवड्यांचं अंतर. फॅशनचा हंगाम शहरातल्या पगाराच्या तारखांवर ठरतो, भाताच्या लोंबीवर नाही.

समजा, एक साडी ४०० रुपयांची. नऊ रंगांच्या नऊ साड्या म्हणजे ३,६०० रुपये. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये धरले तर दोन हप्ते पूर्ण आणि तिसऱ्यातला मोठा वाटा गेला. रोजगार हमीच्या २०२५-२६ मधल्या ३१२ रुपये रोजानं मोजलं तर अकरा-बारा दिवसांची मजुरी. नऊच्या नऊ साड्या कुणी एका वर्षात घेत नाही, हे खरं. पण "चारशेच तर आहेत" असं म्हणत तीन-चार सहज घेतल्या जातात आणि तिथंही खर्च चारशेवर थांबत नाही. फॉल-पिको आहे, ब्लाउजचं अस्तर आहे, शिलाई आहे. स्वस्त साडीच्या बाबतीत हा वरखर्च साडीच्या किमतीइतका होतो, कधी त्याहून जास्त. चारशेची साडी आठशेला पडते आणि ती नेसली जाते एक दिवस.

म्हणून किमतीपेक्षा दुसरा आकडा बघावा लागतो : ही साडी वर्षात किती वेळा अंगावर येईल? आठशेला पडलेली साडी एकदाच नेसली तर एका नेसण्याचे आठशे. बाराशेला पडलेली चांगली सुती साडी शाळेत, बैठकीला, बाजाराला मिळून तीस वेळा नेसली तर एका नेसण्याचे चाळीस. महाग कोणती, ते उघड आहे.

मग रंग कोणता घ्यावा?

या हिशोबानं हिरवा आणि पिवळा हे दोन रंग डोळे झाकून घेण्यासारखे. हिरवी साडी डोहाळेजेवणाला, ओटीला, लग्नकार्याला चालते, श्रावणातही चालते. पिवळी हळदीला लागतेच, आणि हळदीला सगळ्यांनी पिवळं घालायची फॅशन आता वाड्या-वस्त्यांवरच्या लग्नातही आली आहे. लाल रंग पूजेला कायमचा, पण तो बहुतेक घरांत आधीच असतो. लग्नातल्या साड्या एकदा उघडून बघाव्यात.

मोरपंखी आणि जांभळा हे जरीच्या काठाला शोभणारे रंग. साडी काठापदराची असेल तर पुढे दहा वर्षं टिकते. पण हे दोन दरवर्षी यादीत असतीलच असं नाही, त्यामुळे 'नवरात्रीसाठी' म्हणून घेण्यात अर्थ नाही. कार्यासाठी घ्यावेत, नवरात्रीत जमले तर उत्तम.

राखाडी रंगावर दरवर्षी सगळ्यात जास्त घाईची खरेदी होते, कारण तो घरात नसतो. घरात का नसतो, याचा विचार मात्र कमी होतो. सणाला कुणी तो नेसत नाही, लग्नाला तर नाहीच. ज्या शिक्षिकेला किंवा नोकरदार बाईला रोज कामावर जायचं आहे, तिला राखाडी सुती साडी किंवा कुर्ता उत्तम, मळ दिसत नाही आणि कुठेही चालतो. बाकीच्यांनी एखादी ओढणी किंवा ब्लाउज त्या रंगाचं घालून शनिवार निभवावा. पांढऱ्याचंही तसंच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला शाळेत लागत असेल तर घ्यावा, नाहीतर लाल मातीच्या मुलखात पांढरी साडी सांभाळणं म्हणजे साबणाचा खर्च.

फोटोतला रंग आणि बादलीतला रंग

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथं बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. साडी घेताना मात्र मोबाइलवरचा फोटो बघून ऑर्डर दिली जाते.

मीशो, फ्लिपकार्टसारख्या ॲपवर स्वस्त मिळतं, घरपोच मिळतं आणि निवड भरपूर असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फोटोतला रॉयल ब्लू हातात येईपर्यंत जांभळट होऊ शकतो, आणि या खरेदीत रंग हीच तर मुख्य गोष्ट. घेतलीच तर तीन गोष्टी बघाव्यात : साडी परत घेण्याची मुदत किती, साडीची लांबी साडेपाच मीटर पूर्ण आहे का, आणि ब्लाउजपीस त्याच लांबीत धरलंय की वेगळं आहे. खरेदी केलेल्यांनी टाकलेले फोटो दुकानदाराच्या फोटोपेक्षा खरे असतात.

दुकानात घेत असाल तर साडी ट्यूबलाइटखाली नको, दारापाशी आणून उन्हात बघा. पांढरा रुमाल ओला करून पदराच्या कोपऱ्यावर घासा. रंग रुमालाला लागला तर तो पहिल्या धुण्यात बाकीच्या कपड्यांनाही लागणार. स्वस्त साड्यांत लाल, निळा आणि गडद हिरवा यांची ही खोड जास्त. कापड दोन्ही हातांनी आडवं ताणून बघा. वीण फाकली आणि परत जुळली नाही, तर निऱ्यांना पिन लावाल तिथंच ती पहिल्यांदा फाटेल.

जीएसटीचाही एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे योगायोगानं गेल्या वर्षीच्या घटस्थापनेपासूनच, शिवलेल्या कपड्यांचे दर बदलले. नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. त्याआधी ५ टक्क्यांची मर्यादा १,००० रुपयांची होती. साडी हे न शिवलेलं कापड, त्यामुळे तिच्यावर ५ टक्केच. "जीएसटी कमी झाला म्हणून साडी स्वस्त" असं कुणी म्हणालं तर ती नुसती जाहिरात समजावी. १,००० ते २,५०० रुपयांच्या शिवलेल्या ड्रेसवर मात्र कर खरोखर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

नवरात्रीनंतरच्या फॅशनचं काय?

संक्रांतीची काळी साडी आता ठरलेली झाली आहे. पण काळा रंग अनेक घरांत शुभकार्याला चालत नाही, म्हणून ती वर्षभर पेटीत पडते. घ्यायचीच तर खणाची किंवा इरकली घ्यावी, कारण ती इतर दिवशी कामावरही नेसता येते. चमकीची काळी साडी ज्यांच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे त्यांच्यासाठी ठीक.

पैठणीची ओढ 'होम मिनिस्टर' या टीव्ही कार्यक्रमानं घराघरांत नेली. येवल्याची हातमागाची पैठणी फॅशनबाहेर जात नाही, पण ती हजारो रुपयांची असते. बाजारात हजार-दीड हजाराला जी मिळते ती यंत्रावरची सेमी पैठणी. ती घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त सेमीचेच पैसे द्यावेत. पदर उलटा करून बघितला की फरक कळतो : हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, यंत्रावरच्या पदराला मागून सुटे धागे असतात.

आणि रेडिमेड नऊवारी. पाडव्याच्या शोभायात्रांमुळे शहरात तिची मोठी लाट आली, आता ती गावातल्या लग्नांतही दिसते. शिवलेली असल्यामुळे २,५०० च्या वर गेली की १८ टक्के जीएसटी तिला लागतो. ती एकाच मापाची, बाई थोडी जाड-बारीक झाली की बाद. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या गावांत म्हाताऱ्या बायका आजही लुगडं नेसून गुडघाभर चिखलात आवणी करतात. त्यांच्या पेटीत एखादं ठेवणीतलं लुगडं निघतंच, आणि ते कसं नेसायचं हे नातीला दहा मिनिटांत शिकवणारी आजीही घरातच असते.

राहिला प्रश्न यंदाच्या नऊ दिवसांचा. काही बचत गटांसारखं करता येईल : ११ ऑक्टोबरच्या आधीच्या बैठकीत कुणाकडे कोणता रंग आहे हे वहीत लिहायचं आणि साड्या एकमेकींत फिरवायच्या. ब्लाउज आपापलं, साडी दुसरीची. राखाडी दोघींकडे असली तरी शनिवारचा फोटो होतो, एकीनं साडी नेसायची आणि दुसरीच्या साडीचा पदर बाकीच्यांनी ओढणीसारखा घ्यायचा. नवी साडी हवीच असेल तर ती भात विकल्यावर, दिवाळीच्या बाजारात घ्यावी. तोवर नवरात्रीसाठी भरलेला आणि न खपलेला माल दुकानदाराला काढायचा असतो, आणि भाव करायला तीच वेळ बरी.