गिझर नवा, वायर जुनी

जुना गिझर गळू लागला की सातारा-सांगलीतली बहुतेक कुटुंबे एकच ठरलेला मार्ग धरतात. दुकानात जायचे, भिंतीवर कमी जागा घेणारा तीन लिटरचा इन्स्टंट गिझर निवडायचा आणि त्याच दिवशी तो जुन्याच प्लगला लावून घ्यायचा. खरेदीच्या वेळी किती लिटरचा, कोणत्या कंपनीचा, हमी किती वर्षांची, हे सगळे विचारले जाते. भिंतीतली वायर किती वर्षांची आहे, हे मात्र ना ग्राहक विचारतो, ना दुकानदार. खरे तर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

टाकी छोटी म्हणजे वीजही कमी, असा एक समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. 25 लिटरचा साठवणीचा गिझर बहुधा 2 किलोवॉटचा असतो आणि सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेतो. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला तेच काम काही मिनिटांत करायचे असल्याने तो 3 किलोवॉटचा, म्हणजे 13 अँपिअरचा असतो. काही मॉडेल 4.5 किलोवॉटची म्हणजे जवळपास 20 अँपिअरची असतात. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 9 अँपिअरवरून 13 वर गेल्यास प्रवाह दीडपटीच्या आत राहतो, पण उष्णता दुपटीहून अधिक होते. ‘आधीचा वीस वर्षे चालला, मग हा का नाही चालणार’ या प्रश्नाचे उत्तर या हिशेबातच आहे.

साताऱ्याच्या जुन्या पेठांमधील वाड्यांत आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या घरांत अजूनही लाकडी पट्टीवरचे वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज आणि बारीक ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात. हे वायरिंग चार दिवे आणि दोन पंख्यांसाठी केलेले होते. ॲल्युमिनियमची वायर स्क्रूखाली हळूहळू सैल होते, सैल जोड तापतो आणि प्लगची पिन काळी पडते. फ्यूज वारंवार उडू लागला की त्यात जाड तार घातली जाते. तिथून पुढे फ्यूजच्या आधी भिंतीतली वायर जळण्याची शक्यता तयार होते.

सांगलीचे दुखणे वेगळे आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत गावभागासह शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली होती. पाणी ओसरले, घरे धुतली गेली, रंगही लागला. पण भिंतीतल्या पाइपांत शिरलेला गाळ आणि बोर्डामागच्या गंजलेल्या जोडांकडे किती घरांनी पाहिले? वर बसवलेले चकचकीत नवे स्विच पाहून आतल्या वायरीचे वय कळत नाही.

आग हा धोक्याचा एक भाग झाला. न्हाणीघरात त्याहून मोठा धोका विजेच्या गळतीचा असतो. गिझरचे एलिमेंट धातूच्या नळीत बंद असते. बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षारांचा थर चढतो, ते जास्त तापते, नळीला चीर पडते आणि वीज पाण्यात व गिझरच्या बॉडीत उतरते. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध बराच असतो. ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाचा विरोध मात्र हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. 230 व्होल्टला त्याच्या शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडवायला याहून बराच कमी प्रवाह पुरतो. आणि बोर्डावरचा 16 अँपिअरचा एमसीबी? त्याच्या दृष्टीने 16 हजार मिलिअँपिअरपर्यंत सारे आलबेल असते. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात तेवढा फरक दिसला, की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. पूर्वी अनेक घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला जोडत. पुढे प्लंबिंग बदलले, प्लॅस्टिकचे पाइप आले आणि ते अर्थिंग कुणाच्याही नकळत संपले. जिथे वेगळा खड्डा आहे, तिथे वायरमन बल्ब लावून दाखवतो; बल्ब पेटला की सगळे निश्चिंत होतात. पण अर्थिंगचा विरोध 50 ओहम असला, तरी 100 वॉटचा बल्ब जवळपास पूर्ण उजेड देतो. त्याच अर्थिंगवर गिझरमध्ये बिघाड झाला तर जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातील, एमसीबी पडणार नाही आणि गिझरची बॉडी जिवंत राहील. साताऱ्याच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत असा विरोध मिळणे अवघड नाही. सांगलीची काळी माती ओली असताना चांगली साथ देते. उन्हाळ्यात ती भेगाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. म्हणून अर्थिंग बल्बने न तपासता मीटरने मोजायला हवे आणि सोबत आरसीसीबीही हवाच.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे ‘आरसीसीबी सारखा पडतो’. जुन्या घरांत दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकत्र बांधलेल्या असतात किंवा कुठेतरी खरोखरच गळती असते, म्हणून तो पडतो. अशा वेळी दोष शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकणे म्हणजे ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकून देणे. दुसरी पळवाट गॅस गिझरची. वायरिंगचा खर्च टळतो खरा, पण बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. तो गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे, विशेषतः भाडेकरूंसाठी. ज्या भिंतीत त्यांना खिळा ठोकता येत नाही, तिथली वायर ते कशी बदलणार? इथे जबाबदारी घरमालकाची आणि व्यवस्थेची आहे. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले जातात. तरीही घराच्या वायरिंगचा चाचणी अहवाल मागितला जातो तो प्रामुख्याने नवी जोडणी घेताना. नंतर घर वाढते, एसी येतो, गिझर येतो, पूर येऊन जातो, पण सामान्य घरात पुन्हा कुणी मीटर लावून पाहत नाही. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनुसार भाड्याच्या घरांची विद्युत तपासणी किमान दर पाच वर्षांनी करून घेणे घरमालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान घर भाड्याने देताना, विकताना आणि पुराचे पाणी शिरल्यानंतर परवानाधारक ठेकेदाराचा अहवाल सक्तीचा करायला काय हरकत आहे? पुराच्या मदतीत भांडी-कपड्यांसोबत वायरिंगच्या तपासणीचाही खर्च धरला पाहिजे. गिझर विकणाऱ्यांनीही ‘मोफत फिटिंग’ करण्याआधी प्लग, वायर आणि अर्थिंग तपासावे. ते ठीक नसेल तर गिझर लावण्यास नकार द्यावा.

तोपर्यंत घरातल्यांनी खर्चाचा क्रम तरी उलटा करावा. आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मोजून घेतलेले अर्थिंग. मग मुख्य बोर्डापासून गिझरपर्यंत तांब्याची किमान 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, अंतर जास्त असेल तर 4 ची. त्यावर स्वतंत्र एमसीबी आणि न्हाणीघराबाहेर फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. साडेचार किलोवॉटचा गिझर घ्यायचाच असेल तर त्याच्या वायरीचा हिशेब परवानाधारकाकडून वेगळा करून घ्यावा. आरसीसीबीचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज गेली नाही तर तो बदलावा. एवढे सगळे झाल्यावर जे पैसे उरतील, त्यातून गिझर घ्यावा. तो थोडा साधा आला तरी चालेल.