दात पाहून घोडा, पुरावा पाहून मत

अकलूजच्या घोडेबाजारात आलेला जाणता गिऱ्हाईक विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो, वय ताडतो, जनावर चालवून बघतो आणि मगच सौद्याला बसतो. हाच माणूस घरी आल्यावर मोबाइलवर आलेला, कुणाविषयी तरी विष पेरणारा मजकूर न तपासता पुढे धाडतो. पैशाच्या व्यवहारातली सावधगिरी मतांच्या व्यवहारात कुठे जाते?

ही सावधगिरी मराठी वाचकाला शिकवणाऱ्यांत प्रा. मे. पुं. रेगे (१९२४-२०००) यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले, वाईच्या 'नवभारत' मासिकाचे संपादन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ साली निवर्तल्यावर मराठी विश्वकोशाची धुराही त्यांच्याकडे आली. त्यांची घडण विश्लेषक तत्त्वज्ञानातली. शब्दाचा अर्थ नेमका काय, विधानाला आधार कोणता, एका विधानातून दुसरे खरोखर निघते काय, हे विचारण्याची ती शिस्त.

ही शिस्त म्हणजे परंपरेशी वैर नव्हे. १९८३ साली पुण्यात रेगे, दयाकृष्ण आदींनी बर्ट्रांड रसेलच्या विचारांवर संस्कृत पंडितांशी संवाद घडवून आणला. परंपरेची आरती ओवाळायची नाही आणि तिला अडगळीतही टाकायचे नाही; बरोबरीच्या नात्याने तिला प्रश्न विचारायचे, तिची उत्तरे ऐकायची.

'पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा ग्रंथ हाती घेतला की नीतीचा विचारही किती काटेकोर असू शकतो, हे उमगते. मुलीचे शिक्षण थांबवून लग्न उरकताना 'आपल्यात असेच चालते' असे सांगितले जाते. असे चालते, हे खरे असेल. पण म्हणून ते योग्य ठरत नाही. रीत ही वस्तुस्थिती आहे, समर्थन नव्हे. समर्थन वेगळे द्यावे लागते, आणि तेही त्या मुलीला समोर बसवून.

कुणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट तपासायला सवड कुणाला आहे? मान्य. पण जे तपासता येत नाही, ते पसरवण्याची सक्तीही कुणी केलेली नाही. आपल्या कच्च्या मताची किंमत बहुधा दुसराच मोजत असतो. म्हणून ज्ञानाचा प्रश्न हा नीतीचाही प्रश्न होतो.

आज घरात वाद रंगला, तर 'कोण म्हणाले?' याआधी 'कशावरून?' असे विचारून पाहू या. आणि मुलांनी हाच प्रश्न आपल्याला केला, तर त्याला उद्धटपणा समजू नये.