ब्याण्णवांपैकी दोन

हवाई दलातील स्त्रियांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: मुलींनाच तिकडे जाण्याची आवड नाही, म्हणून त्या कमी. हे मान्य करण्यापूर्वी १९५० चा हवाई दल कायदा उघडून पाहावा. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा मोकळ्या करील त्या सोडून स्त्री भरतीस पात्रच नाही, असे त्याचे बारावे कलम सांगते. बंदी हा नियम, प्रवेश हा अपवाद. वैद्यकीय सेवा वगळता हे दार पुढची चार दशके बंदच राहिले.

त्या काळात स्त्रियांना विमान चालवता येत नव्हते काय? कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचे फोकर फ्रेंडशिप विमान केवळ स्त्रियांच्या चमूनिशी नेले. सोव्हिएत स्त्रियांची रात्री बॉम्बफेक करणारी रेजिमेंट तर १९४२ सालीच आघाडीवर होती. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या महिला वैमानिकांना कमिशन मिळाले ते डिसेंबर १९९४ मध्ये, तेही अल्पमुदतीचे. कायमस्वरूपी कमिशनसाठी महिला अधिकाऱ्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. निकाल लागला १२ मार्च २०१० रोजी. लढाऊ विमान हाती आले २०१६ साली. खडकवासल्याच्या एनडीएची प्रवेश परीक्षा मुलींना खुली झाली तीही सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने.

खुली म्हणजे किती? २०२२ च्या पहिल्या परीक्षेच्या जाहिरातीत हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी ९२ जागा होत्या. त्यांत मुलींसाठी दोन. देशभरातून कितीही मुली पात्र ठरल्या असत्या, तरी निवड दोघींचीच झाली असती. मग त्याच दोघी मोजून आवडीविषयी निष्कर्ष काढायचा, हा कुठला हिशेब?

हाच हिशेब जालना जिल्ह्यातून मांडला की तो अधिक झोंबतो. मुलांना दहावीनंतर दोन वर्षे एनडीएसाठी घडवणारी सरकारी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निघाली. जालन्याहून अंतर साठेक किलोमीटर. मुलींसाठी तशी संस्था निघाली २०२३ मध्ये, नाशिकला. मधे ४६ वर्षे. एनडीएतच मुली नव्हत्या तर संस्था कशाला, असे कोणी म्हणेल. खरेच आहे; एक बंद दार दुसऱ्या बंद दाराची साक्ष काढते, आणि दोन्ही दारांबाहेर उभ्या असलेल्या मुलीला विचारले जाते की तू आत का आली नाहीस.

एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्या सतरा जणी होत्या. बदनापूरच्या एखाद्या घरात आज दहावीला बहीणभाऊ असतील, तर भावाची संस्था एसटीच्या वाटेवर तासाभरावर आहे. बहिणीला तेच संभाजीनगर मागे टाकून नाशिकपर्यंत जावे लागते.