समन्स घेऊन माझ्याकडे येऊ नका

एमएच-21 पाटीच्या प्रत्येक गाडीमालकाला हा इशारा आहे. गाडी विकली पण आरसीवरचं नाव बदललं नाही, असे जे आहेत, त्यांना तर आधी.

परवा घनसावंगीकडचा एक शेतकरी कोर्टाच्या पायरीवर भेटला. हातात कॅरीबॅग. तिच्यात आरसी, मोसंबीच्या आडतीच्या पट्ट्या आणि त्यांच्या खाली चार घड्या घातलेलं समन्स. तारीख होऊन गेलेली. "साहेब, दोन हजारासाठी वारंट निघतंय व्हय?" निघतं. त्याचं निघालं होतं. समृद्धी महामार्गावर जालना इंटरचेंजच्या अलीकडे पिकअप 104 ने धावली होती. मालवाहू गाडीला तिथे मर्यादा 80 ची. चलनावर फोटो, वेळ, वेग सगळं छापलेलं. मेसेज मात्र गेला मेहुण्याच्या नंबरवर, कारण गाडी घेताना शोरूममध्ये तोच नंबर दिलेला. मेहुणा पुण्याला. त्याने मेसेज वाचला आणि पुसून टाकला.

आता नीट ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली जास्त वेगाचा दंड हलक्या गाडीला 1000 ते 2000, ट्रक-बसला 2000 ते 4000 रुपये. एवढ्यावर मिटत असताना तुम्ही गप्प बसता. मग प्रकरण कोर्टात जातं, समन्स येतं, तेही तुम्ही देव्हाऱ्यामागे खोचून ठेवता, आणि एके दिवशी पोलीस वॉरंट घेऊन दारात. त्या दिवशीची मजुरी, एसटीचं भाडं, वकिलाची फी, जामिनाची धावपळ यांचा हिशोब करा. वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जातं आणि ते तीन महिन्यांसाठी निलंबितही होऊ शकतं. ड्रायव्हरकीवर पोट असणाऱ्याने तेवढे दिवस काय खायचं?

"गाडी मी चालवतच नव्हतो" हे मला सांगू नका, वेळेत पोलिसांना सांगा. कोण चालवत होता, हे विचारल्यावर सांगणं कलम 133 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. माहिती मुद्दाम दडवली किंवा खोटी दिली तर कलम 179 आहे : एक महिन्यापर्यंत कैद, नाहीतर 2000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि चालवणारा तुमचा सोळा वर्षांचा लाडका असेल तर नुसत्या दंडावर सुटायचा विषयच संपला. कलम 199-क उघडून बघा : पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, 25,000 दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

चहाच्या टपरीवर एक कायदेपंडित हमखास असतो. तो सांगतो, "सहा महिने कळ काढ, केस आपोआप मरते." अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514 सांगतं. पण प्रकरण त्या मुदतीत कोर्टात गेलं असेल तर पुढे वर्ष गेलं तरी ते जिवंत असतं, आणि उशीर माफ करायचा अधिकार कलम 519 ने कोर्टाला दिलाच आहे. ती माफी पोलिसांना असते, तुम्हाला नाही.

चलन चुकीचं असेल, पाटी दुसऱ्याच गाडीची असेल, तर लगेच लेखी तक्रार करा. फोटो जोडा, पोच घ्या. नसेल चुकीचं तर भरून मोकळे व्हा. फक्त मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. चलनाच्या नावाने एपीके फाइल पाठवून बँकखातं धुणारे हल्ली फार झालेत. चलनाच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता डॉट गव्ह डॉट इन नेच संपतो, तोच स्वतः टाइप करा. आणि लोकअदालतीत अर्ध्यात मिटेल म्हणून थांबणाऱ्यांनो, अर्ध्याची हमी तुम्हाला कुणी दिली?

तेव्हा येत्या पंधरा दिवसांत आरसीवरचा मोबाइल नंबर बदला, विकलेल्या गाडीच्या आरसीवरून आपलं नाव उतरवा, थकलेलं चलन शोधून त्याला उत्तर द्या. सोळाव्या दिवसापासून तारीख उलटलेलं समन्स घेऊन माझ्या टेबलाशी येणाऱ्याला चहा मिळेल. वकीलपत्रावर सही मिळणार नाही.