माळा झाडांवर, अंधार रस्त्यावर

पोस्ट मोठी आहे. पण रस्ता आपलाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. नाही पटलं तर खाली मोकळेपणाने भांडा.

गेल्या दिवाळीत पालिकेने नदीकाठच्या रस्त्यावरच्या झाडांना माळा गुंडाळल्या. बुंध्याला निळ्या, फांद्यांना पांढऱ्या, आणि चौकातल्या वडाच्या पायथ्याशी खालून वर तोंड केलेले चार हिरवे फ्लडलाइट. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू? मी पण नातवाला घेऊन फोटो काढायला गेलो होतो. मग तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली, शिमगा झाला. माळा जागच्या जागी. आता पावसाळा तोंडावर आलाय आणि त्या माळा अजून रोज संध्याकाळी साडेसहाला लागतात आणि सकाळी उजाडल्यावर विझतात. टायमर तसा लावलाय म्हणे.

आमच्या आजीच्या घरी दिवे लागल्यावर कुणी तुळशीचं पानसुद्धा तोडलं तर बोलणी बसायची. झाडं झोपलीत, हात लावू नको. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी हे लहानपणी ऐकलेलं असणार. अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यायचं असेल तर द्या, पण चिंचेची, शिरीषाची, रेन ट्रीची पानं संध्याकाळी मिटतात हे कुणीही डोळ्यांनी बघू शकतं. झाडाला दिवस-रात्र कळते. रात्र किती लांब आहे यावरून अनेक झाडं फुलायचं कधी, पानं गाळायची कधी हे ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांजवळची झाडं शरद ऋतूत पानं उशिरा गाळतात, हे निरीक्षण 1936 साली अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलंय. तेव्हाचे दिवे आजच्या एलईडीपुढे काहीच नव्हते.

तर मी अर्ज दिला. पहिला अर्ज रागात लिहिला होता आणि, आता कबूल करतो, चुकीचा लिहिला होता. त्यात एकच मागणी होती: नदीकाठच्या रस्त्यावरचे जास्तीचे दिवे बंद करा.

विद्युत विभागातल्या साहेबांनी तो वाचला आणि हसले. म्हणाले, "काका, इथे रोज लोक येतात ते दिवे नाहीत म्हणून. दिवे आहेत म्हणून तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच." माणूस चांगला आहे, चहा पण पाजला. पण अर्जावर काहीच झालं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी जिन्यात भेटली. नर्स आहे, दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेदहा-अकराला येते. तिला कुठून तरी कळलं होतं. म्हणाली, "काका, तुमच्या झाडांच्या नादात आमचे दिवे घालवू नका हं. तुम्हाला रात्री त्या रस्त्याने यावं लागत नाही." मी जरा चमकलो. बोलणं बरोबर होतं. मी म्हटलं, ठीक आहे, एक दिवस तुझ्याबरोबर बस स्टॉपपासून चालत येतो.

आलो. बरोबर मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेतलं होतं. मोबाइलचं मोजमाप काही तंतोतंत नसतं, त्यामुळे आकडे मी पुरावा म्हणून नाही, अंदाज म्हणून सांगतोय. माळांच्या झाडांखाली, जिथे रात्री अकराला कुत्रंसुद्धा नव्हतं, तिथे ॲप 40-50 दाखवत होतं. वडाजवळ फ्लडलाइट थेट डोळ्यांत येतो, तिथे तर पुढचं काही दिसेचना. आणि पंपिंग स्टेशनच्या वळणापुढे, जिथून ही मुलगी रोज किल्ल्या मुठीत धरून चालते, तिथे ॲप कधी 0 दाखवी, कधी 1. ओळीने तीन खांब बंद. चौथ्याचा दिवा चालू होता, पण फांद्यांत गाडला गेलेला. उजेड सगळा पानांवर, खाली फूटपाथवर काळोख.

तिथे मला माझ्या अर्जाची चूक कळली. या रस्त्यावर उजेड जास्तही नाही आणि कमीही नाही. तो नको तिथे आहे. आणि दोन्ही तक्रारी, माझी आणि तिची, एकाच तक्रारीच्या दोन बाजू आहेत.

मग जरा अभ्यास केला. रिटायर्ड माणसाला वेळच वेळ.

आपल्या देशात आवाजाला नियम आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे, निवासी भागात रात्री 45 डेसिबल, दहानंतर लाऊडस्पीकर बंद. गणपतीत आपण त्याचं काय करतो तो भाग वेगळा, पण आकडा आहे, बोट ठेवायला जागा आहे. रात्रीच्या उजेडाला असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून बरेच लोक तिथेच थांबतात. "कायदाच नाही हो." पण जे आहेत तेच कागद नीट वाचले तर बरंच सापडतं.

पहिला कागद म्हणजे महापालिका अधिनियम. रस्त्यावर दिवाबत्ती करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, कलम 63 मध्ये. सुशोभीकरण नव्हे, दिवाबत्ती. म्हणजे बंद पडलेले तीन खांब ही मेहेरबानीची गोष्ट नाही.

दुसरा, भारतीय मानक ब्युरोचं आयएस 1944. सार्वजनिक रस्त्यांच्या प्रकाशासाठीचं मानक, 1970 पासूनचं. त्यात रस्त्यांचे वर्ग पाडलेत आणि प्रत्येकाला सरासरी किती लक्स हवेत ते दिलंय. मोठ्या वेगवान रहदारीच्या रस्त्याला 30, त्याखालच्याला 15, मग 8, आणि थोड्या वर्दळीच्या दुय्यम रस्त्याला 4. चार! पौर्णिमेचा चंद्र पाव लक्सच्या आसपास देतो, त्यावरून हिशोब करा. आणि नुसती सरासरी नाही, उजेड सारखा पसरलेला हवा असंही त्यात आहे. सर्वात काळोख्या जागेचं सरासरीशी प्रमाण ठरवून दिलंय. म्हणजे एका टोकाला 50 आणि दुसऱ्या टोकाला 0 असा रस्ता या मानकात कुठल्याच वर्गात बसत नाही. दिव्याचा झोत डोळ्यांत येऊ नये म्हणून फिटिंग कसं असावं याचाही विचार त्यात केलाय. डोळे दिपले की बाजूचा अंधार आणखी दाट होतो, हे त्या वडापाशी कुणीही अनुभवू शकतं. त्या नर्स मुलीच्या भाषेत, "वडापाशी मी सगळ्यांना दिसते, मला कुणीच दिसत नाही."

तिसरा कागद झाडांचा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. आपल्याला वाटतं हा कायदा फक्त कुऱ्हाड चालवणाऱ्यासाठी आहे. पण त्यात झाड तोडण्याची जी व्याख्या आहे ती नुसत्या तोडण्यापुरती नाही. जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं त्यात येतं, आणि त्याला वृक्ष प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्यावरच्या झाडांना तर प्राचीन वृक्ष म्हणून वेगळा दर्जा आहे. आपला चौकातला वड पन्नाशीच्या आत आहे असं म्हणणारा माणूस मला दाखवा. मी चौथीत असताना त्याच्या पारंब्यांवरून पडून दात पाडून घेतलाय!

आता माळेने इजा होते का, हा प्रश्न पालिका विचारणारच. जाऊन बघा. वायर ओढून घट्ट बांधलीय, आणि झाड तर जाड होत राहतं. तीन झाडांच्या सालीत वायर रुतायला लागलीय, फोटो खाली टाकलेत. स्टेपल आणि खिळे मारलेत ते वेगळेच. पावसात या वायरींच्या सांध्यांत पाणी गेलं तर काय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. झाडाखाली संध्याकाळी पोरं खेळतात.

हे मी काही नवीन शोधलेलं नाही. ठाण्यातल्या एका रहिवाशाने याच विषयावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि 2024 मध्ये न्यायालयाने मुंबई, ठाणे आणि मिरा-भाईंदर या महापालिकांना नोटीस काढली. त्यानंतर मुंबईत पालिकेने झाडांवरच्या माळा उतरवायला सुरुवातही केली. मुंबईत उतरवता येतात तर आपल्याकडे काय त्या झाडांना उगवल्यात?

आणि मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. ज्यांनी कधी टाकला नाही त्यांच्यासाठी सांगतो: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, 150 शब्दांत, आणि उत्तराला 30 दिवस. मी चारच गोष्टी मागितल्या. झाडांवर रोषणाई करण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाने दिलेल्या परवानगीची प्रत. त्या कामाचा कार्यादेश. त्याचं वीजबिल कुठल्या मीटरवर येतं. आणि वळणापुढचे खांब बंद असल्याची नोंद.

उत्तर 29 व्या दिवशी आलं, तेवढी शिस्त मानली पाहिजे. परवानगीबद्दल: "अभिलेखावर आढळून येत नाही." सरळ मराठीत, घेतलीच नाही. काम सुशोभीकरणाच्या निधीतून झालं. वीजबिल रस्त्याच्या दिव्यांच्याच मीटरवर. म्हणजे दिवाबत्तीच्या नावाखाली आपण झाडांना जागं ठेवायचं बिल भरतोय. आणि खांबांबद्दल: तक्रार प्राप्त नाही. ती मुलगी म्हणते तिने दोनदा फोन केलाय. फोनचा पुरावा नसतो, हा त्यातला धडा.

मग दुसरा अर्ज केला. यात "दिवे बंद करा" कुठेही नाही. मागण्या अशा: झाडांवरच्या माळा, खिळे आणि वायरी पावसाळ्याआधी काढा. वडाचे फ्लडलाइट काढा. बंद खांब सुरू करा आणि फांद्यांत गाडलेला दिवा फांदी न तोडता आखूड ब्रॅकेटवर खाली घ्या. झोत रस्त्यावर पडेल असं खाली तोंडाचं फिटिंग लावा, आणि पुढच्या वेळी दिवे बदलाल तेव्हा हे निळसर पांढरे नकोत, पिवळट घ्या. निळसर उजेडाने झोपेचं गणित जास्त बिघडतं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीला काळे पडदे लावलेत, उन्हाळ्यात सगळं बंद करून झोपतात. विचारा त्यांना.

या अर्जावर त्या मुलीची सही आहे. सोसायटीतल्या आणखी 31 जणांची आहे. पहिल्या अर्जावर माझी एकट्याची होती.

साहेब या वेळी हसले नाहीत. म्हणाले, काका, खांबांचं बघतो, पण माळा म्हणजे वरचा विषय आहे. वरचा म्हणजे किती वरचा ते आपल्याला माहीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना शहर झगमगीत दिसायला हवं. मला झगमगाटाचं वावडं नाही. दिवाळीचे पाच दिवस, गणपतीचे दहा दिवस, इमारतींवर, कमानींवर करा की रोषणाई. मांडवावर करा. झाडावर नको आणि वर्षाचे 365 दिवस नको, एवढंच म्हणणं आहे. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, खाली तोंड करून बसवले. गावातली माणसं काही अंधारात राहत नाहीत.

एक मित्र म्हणाला, "अरे, शहरात पाणी नाही, खड्डे आहेत, आणि तू झाडांच्या झोपेचं घेऊन बसलायस." खरंय, खड्डे आहेत. वळणापुढच्या अंधारात तर ते दिसतही नाहीत, मागच्या महिन्यात डिलिव्हरीवाला पोरगा तिथेच स्कूटरवरून पडला. त्याच रस्त्यावर अर्ध्या किलोमीटर आधी वडाला हिरवा रंग चढवायला वीज आहे. मी कुठल्या पक्षाचा नाही, पुढच्या वर्षी उभा पण राहणार नाही, त्यामुळे त्या कमेंट वाचवा.

आता काम. दुसऱ्या अर्जाची मुदत संपतेय आणि उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात आयुक्तांना भेटायची वेळ मागितलीय, कारण वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. भेटीत हातात नकाशा हवा: कुठल्या झाडाला माळ आहे, कुठली वायर सालीत गेलीय, कुठला खांब बंद आहे. खांबावर नंबर रंगवलेला असतो, त्याचा फोटो, तारीख आणि वेळ टाकून मला पाठवा. नुसतं "आमच्याकडे पण अंधार आहे" असं लिहून उपयोग नाही.

शनिवारी रात्री साडेनऊला बस स्टॉपवरून चालत निघतोय, वडापासून वळणापर्यंत आणि पुढे पुलापर्यंत. ती नर्स मुलगी सुट्टी घेऊन येतेय. येणाऱ्यांनी टॉर्च आणा, वडापर्यंत लागणार नाही, पुढे लागेल.